अपोलो आणि दगडाखालचा भुंगेरा

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. रोहतांगला (३,९७८ मीटर) खिंडीच्या आसपास अपोलो फुलपाखरं आणि बर्फाच्या कडेचे नेब्रिया भुंगेरे, दोन्ही मोजून उंचीप्रमाणे एकाच आलेखात मांडणार म्हणतेस. मोज की. आलेख मात्र वेगवेगळे काढ.

अपोलोचा सगळा कारभार उन्हावर. सकाळी दगडावर पंख सपाट पसरून बसतं. पंखांच्या बुडाशी काळपट खवले, अंगावर दाट लव. तिथे ऊन मुरलं की मग उडतं. ढग आला की गवतात दडी मारतं. माझ्या पहिल्या फेरीत मी अकराला वहीत ‘शून्य’ लिहिलं आणि पाऊण तासाने त्याच उतारावर सात मोजली. म्हणजे आधी मी ढगच मोजले होते!

नेब्रियाला ऊन नकोच. दिवसभर वितळत्या बर्फालगत ओल्या दगडाखाली, रात्री थेट बर्फावर. खालच्या दरीतून वाऱ्याने वर आलेले किडे गारठून तिथे पडलेले असतात, तेच याचं जेवण. टॉर्च घेऊन रात्री दहानंतर जा, लांब पायांनी तुरुतुरु पळताना दिसेल. भुंगेरे पकडायला जमिनीत पेले पुरणार असशील, तर त्यात पडतो तो फक्त चालता भुंगेरा. कडाक्याच्या रात्री पाच आणि उबदार रात्री वीस मिळाले, म्हणून भुंगेरे चौपट झाले असं लिहू नकोस. आणि पेल्यावर चपट्या दगडाचं छप्पर कर, नाहीतर सकाळी पावसाचं पाणी उपसत बसशील.

उंचावरच्या बऱ्याच भुंगेऱ्यांचे उडायचे पंख खुरटलेले असतात. मधली दरी त्यांना ओलांडता येत नाही, त्यामुळे खिंड बदलली की जातही बदलू शकते. अपोलो दरी ओलांडेल, पण सुरवंटाला जातीप्रमाणे सेडम, सॅक्सिफ्रागा, कॉरिडॅलिस अशी ठरावीक खाद्यवनस्पती लागते. तेव्हा एका वहीत खाद्यवनस्पती आणि ऊन, दुसरीत बर्फापासूनचं अंतर आणि दगडाखालचं तापमान. उंची दोन्हीत लिही, पण तिच्यावर फार भिस्त नको.

अपोलोच्या काही जाती १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. जाळी भरण्याआधी वनखात्याची परवानगी हातात हवी.

दिवसा फुलपाखरं, रात्री भुंगेरे, हे एकटीने झेपणार नाही, जोडीदार बघ. थर्मामीटर दोन लागतील. एक माझ्या कपाटात पडून आहे, रविवारी येऊन घेऊन जा.

तुझा,
सर