स्क्रुटिनीत नवीन आहेस ना, मग एवढंच बघ

अभिनंदन! इंग्लंडच्या कौन्सिलात स्क्रुटिनीला (म्हणजे कॅबिनेटचे, कौन्सिल चालवणाऱ्या नगरसेवकांच्या गटाचे, निर्णय तपासणाऱ्या कमिटीला) निर्णय फिरवता येत नाही, फक्त शिफारस करता येते, हे आधी डोक्यात बसव. मी पहिल्याच मीटिंगला लायब्ररीच्या वेळांवरून कॅबिनेट मेंबरवर तुटून पडलो, टाळ्या मिळाल्या पण वेळा काही बदलल्या नाहीत.

- फॉरवर्ड प्लॅन वाचत जा, मोठे निर्णय साधारण २८ दिवस आधी त्यात येतात, प्रश्न तेव्हाच विचार. नंतर कॉल-इन (घेतलेला निर्णय अमलात येण्याआधी फेरविचाराला मागवणं) असतो खरा, पण ऊठसूट तेच हत्यार काढलं की कोणी मनावर घेत नाही
- शिफारशी दोन-तीनच कर, नेमक्या. कमिटीने लेखी नोटीस दिली की कॅबिनेटला २ महिन्यांत उत्तर द्यावंच लागतं, तारीख डायरीत लिही, नाहीतर विसरतात (मुद्दाम नाही, बहुतेक 😀)

बजेटचं नंतर बघू.