दाराखालचा फुगा: गंजाचं काय करायचं

अरे, गाडीच्या दाराखाली रंगाला जो फुगा आलाय ना त्यावर नुसता टचअप मारू नकोस, गंज आतून येतोय, रंगाखाली तो पसरतच राहणार. बर्फाच्या देशात रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून गाड्या सडतात, आपल्याकडे वरळी-दादरला खारा वारा तेच काम फुकटात करतो, वर चार महिने पाऊस.

आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घास, खड्ड्यांत काळे ठिपके उरले तर रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निकामी करणारं रसायन) लावून वाळू दे, मग इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला पाण्यापासून वाचवणारा पहिला थर) आणि पुट्टी त्याच्यावर, कारण पुट्टी पाणी पिते, उघड्या पत्र्यावर थापली तर पावसाळ्यात परत फुगा. स्क्रू ड्रायव्हर दाबून आरपार गेला तर मात्र पत्रा कापून वेल्डिंगच, पेंटर काहीही म्हणू दे.

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजतात, तारेने मोकळी कर, हे कोणी करतच नाही! अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला गंजाविरुद्धचा लेप, मेमध्ये, पण खालून धुऊन पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर ओल आत कोंडते. आणि ओल्या गाडीवर कव्हर घालू नकोस रे.