गोल्फचे आयर्न घेताय? आधी शाफ्टचं, म्हणजे क्लबच्या दांड्याचं, बघा

आयर्न म्हणजे धातूच्या चपट्या हेडचे क्लब; त्यांच्या पूर्ण सेटची घाई करू नका. कोचकडे शिकून स्विंग जरा बसू द्या, तोवर कुणाच्या तरी जुन्या सात नंबरच्या आयर्नवर भागतं. पण फिटिंगसाठी, म्हणजे क्लब आपल्या मापाचा करून घ्यायला, हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा, कमी तितका चांगला) खाली यायची वाट बघत बसायचीही गरज नाही.

शाफ्ट किती लवचिक ते सांगणाऱ्या ‘रेग्युलर’, ‘स्टिफ’ या शिक्क्यांवर फार विसंबू नका. सगळ्या कंपन्यांचं मिळून एकच माप असं नाहीच. एकाचा स्टिफ दुसऱ्याच्या रेग्युलरइतका मऊ निघतो. मी आधी वजन बघतो. डायनॅमिक गोल्ड एस ३०० हा स्टीलचा शाफ्ट साधारण १३० ग्रॅमचा, हलकं स्टील ९५ च्या आसपास, ग्रॅफाइट बहुतेकदा त्याहून कमी. पंधराव्या होलला हात गळून जात असतील तर जड शाफ्ट मिरवण्यात काय अर्थ? ग्रॅफाइट म्हणजे म्हाताऱ्यांचं, असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे.

लाय अँगल, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, मात्र नीट तपासून घ्या. सोलला, म्हणजे हेडच्या तळाला, टेप लावून लाय बोर्ड या कडक फळीवरून मारा. खूण टो-कडे (हेडच्या बाहेरच्या टोकाकडे) उमटली तर क्लब तुम्हाला फ्लॅट, म्हणजे जास्त आडवा, पडतोय, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल उजवीकडे निसटतो. हीलकडे (शाफ्टच्या बाजूला) उमटली तर उलट. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) हेड एक-दोन अंश सहज वाकवता येतं, कास्ट (ओतीव) जरा जपून.

लाँच मॉनिटरवर (शॉट मोजणाऱ्या यंत्रावर) एखादा लांब शॉट बघून हुरळू नका. दहा शॉट किती जवळजवळ पडले ते बघा. आणि लॉफ्ट, म्हणजे हेडच्या तोंडाचा कल, विचाराच; तो कमी तितका बॉल लांब जातो. पूर्वी ३४ अंशांच्या आसपास असणारा सात नंबर आता कित्येक सेटमध्ये ३० च्याही खाली आलाय, त्यामुळे वाढलेल्या यार्डांचं श्रेय शाफ्टला देऊन मोकळे होऊ नका.