दूध पावडरच्या स्प्रे ड्रायरमध्ये ठिणगी नसतानाही आग लागू शकते का?

हो, लागू शकते. स्प्रे ड्रायर म्हणजे दूध गरम हवेत फवारून त्याची पावडर करणारं यंत्र. त्यात नोझलभोवती (फवारा सोडणाऱ्या तोटीभोवती) किंवा भिंतीला चिकटलेली पावडर आतल्या आत तापून आपोआप धुमसू लागते. तिच्यातल्या स्निग्धांशाचा ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता निघते. थर पातळ असला तर ती निघून जाते, जाड असला तर आतच कोंडते. म्हणूनच थर जितका जाड, तितक्या कमी तापमानाला पेटतो. आत येणारी हवा साधारण १८०-२०० अंशांची, त्यामुळे नोझलजवळचा थर सगळ्यात वाईट. सफाईत तपकिरी, जळकट वासाचे खडे निघाले तर ‘थोडं करपलंय’ म्हणून सोडू नका. असा धुमसता गोळा उडत्या पावडरीत पडला तर स्फोटही होतो. कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे धुमसताना निघणाऱ्या वायूचा, सेन्सर जरूर बसवा, पण तो धुमसणं पकडतो, अचानक उडालेली ठिणगी नाही.