किराळ लागलेल्या शेळ्या आणि विम्याचा दावा

नमस्कार. अवकाळी पावसानंतर ज्वारीच्या धसकटांना (कापणीनंतर उरलेल्या खुंटांना) फुटलेले कोवळे पोंगे खाऊन आपल्या काही शेळ्या तासाभरात दगावल्या आणि आता विमा कार्यालय विषबाधेचा पुरावा मागत आहे, हे वाचून सांगोल्याच्या माळावरचे आमचे जुने प्रकरण आठवले. किराळ लागणे (कोवळ्या ज्वारीतून होणारी ही विषबाधा) म्हणजे काय हे सोलापूर जिल्ह्यातल्या पशुपालकाला सांगायला नको, म्हणून थेट कागदांकडे वळतो.

आमच्या शेळ्यांच्या कानातले बिल्ले जागेवर होते, पंचनामा झाला होता आणि शवविच्छेदनही त्याच दिवशी झाले होते. तरीही संबंधित कार्यालयाने (नाव घेत नाही) प्रयोगशाळेच्या अहवालावाचून दावा पुढे नेण्यास नकार दिला. नमुना कसा ठेवावा आणि किती तातडीने पोहोचवावा, हे मात्र तिथे कोणी सांगितले नाही. कोठीपोटातल्या (शेळीच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातल्या) चाऱ्याची बरणी भर उन्हाळ्यात त्यांच्याच टेबलावर पडून राहिली, मग सावकाश रवाना झाली, आणि उत्तर आले की विष आढळले नाही. आढळणार तरी कसे? पोंग्यांमधून सुटणारे हायड्रोसायनिक आम्ल हवेत उडून जाते. बरणी हवाबंद नसेल आणि बर्फात ठेवलेली नसेल, तर विषाचा मागमूस उरत नाही. त्या एका ओळीवर दावा फेटाळला गेला आणि ज्यांनी बरणी अडवून ठेवली, त्यांनीच आम्हाला पुरावा अपुरा असल्याचे पत्र पाठवले.

मी पशुवैद्यक नाही, त्यामुळे पुढचे सारे आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावे. आपल्याकडचा नमुना अजून पाठवला नसेल, तर तो कसा ठेवला होता हे पत्रात लेखी नोंदवून घ्या. रक्त लालभडक दिसल्याचा आणि कोठीपोटात पोंगे सापडल्याचा स्पष्ट उल्लेख शवविच्छेदन अहवालात असायला हवा. त्या शेतातले पोंगे अजून उभे असतील, तर पिक्रेट कागदाची (या विषाने रंग बदलणाऱ्या पिवळ्या कागदाची) चाचणी जागेवरच करता येते. पिवळा कागद विटकरी झाला, तर तो निष्कर्ष डॉक्टरांच्या सहीने फाइलला लावा.

चराईबाबत माझे मत जरा कडक आहे. पाण्याचा ताण बसून खुरटलेली किंवा नुकतीच फुटलेली ज्वारी कळपाला दाखवूच नये, फुलोऱ्यापर्यंत तर नाहीच. फाल्गुन-चैत्रात माळावरचे गवत वाळलेले असते आणि कळप हिरव्याकडेच ओढला जातो, म्हणून पाण्याचा हौद धसकटाच्या रानापासून दूर ठेवावा आणि कळप सोडण्यापूर्वी वाळलेला कडबा पोटभर घालावा. गूळपाण्यावर अनेकांचा विश्वास आहे. परंतु आडव्या पडलेल्या शेळीला ते पाजल्यास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. खरा उपाय शिरेतून द्यायच्या सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेटचा आहे, आणि ही औषधे दवाखान्यात शिल्लक आहेत का, याची चौकशी हंगामापूर्वीच करावी.

आणखी एक कागद आताच जोडून ठेवा: आंत्रविषार (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग) लसीकरणाची नोंद. त्या रोगानेही धडधाकट शेळी अचानक मरते, त्यामुळे मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी टोचलेल्या लसीचा पुरावा नसल्यास कार्यालय हाच पुढचा आक्षेप काढू शकते.