दानपेटीच्या दोन किल्ल्या

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या भाविकसमूहाच्या, फायनान्स कमिटीवर तुझी नेमणूक झाल्याचे फादरांनी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, जाहीर केले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तू सी.ए.चा अभ्यास करते आहेस, त्यामुळे जमाखर्च कसा लिहावा हे मी तुला सांगायला नको. पण वसईतल्या आपल्या चर्चच्या वह्या बावीस वर्षे सांभाळताना जे उमगले, ते तुला कळवावेसे वाटते. चर्चचा पैसा दुकानाच्या गल्ल्यासारखा नसतो. तो ज्या हेतूने दिलेला असतो, तो हेतू खर्चाच्या शेवटच्या पावतीपर्यंत त्या पैशाबरोबर राहतो, आणि आपण सांभाळायचा असतो तो हेतू.

प्रथम या कमिटीचे स्थान समजून घे. १९८३ च्या कॅथलिक चर्चच्या कायदासंहितेत पॅरिश कौन्सिल, म्हणजे धर्मग्रामाचे सल्लागार मंडळ, नेमायचे की नाही हे बिशपांच्या विचारावर सोडले आहे, पण फायनान्स कमिटी प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे असे कलम ५३७ सांगते. धर्मग्रामाच्या मालमत्तेचा कारभार प्रमुख धर्मगुरूंच्या हाती असतो आणि कमिटी त्यांना साहाय्य करते, म्हणजे अंतिम निर्णय आपला नसतो. पुष्कळ जण एवढे ऐकून गप्प बसतात. तू बसू नकोस. सल्ला मानला जावो वा न जावो, तो सभेच्या इतिवृत्तात शब्दशः उतरला आहे ना, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहा. पुढच्या वर्षी तोच विषय निघतो तेव्हा त्या दोन ओळींचे वजन कळते.

रविवारच्या मोजणीविषयी मी थोडे अधिक लिहितो, कारण विश्वास टिकतो किंवा तुटतो तो याच टेबलावर. दुसरी मिस्सा संपली की दानाच्या कापडी पिशव्या सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीजवळच्या तयारीच्या खोलीत, येतात. त्या तिथेच, दार उघडे ठेवून, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजाव्यात, आणि दर आठवड्याला तेच दोघे नसावेत. नोटा वेगळ्या, नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती वेगळ्या, आकडा शाईने लिहून दोघांच्या सह्या, आणि चिठ्ठीची एक प्रत वहीत. सोमवारी बँकेत तेवढीच रक्कम भरली गेली पाहिजे. मेणबत्त्यांचे किंवा सुताराचे बिल त्यातूनच भागवून उरलेले भरण्याची सवय फार जुनी आहे, आणि त्यात कुणाच्या मनात वाईट नसते. तरीही ती बंद कर, कारण मग चिठ्ठी आणि बँकेची स्लिप कधीच जुळत नाहीत.

दानाची पाकिटे घाईने फाडू नकोस. आत काय लिहिले आहे ते आधी वाच. ‘कब्रस्तानाच्या भिंतीसाठी’ असे लिहून आलेली पाचशेची नोट भिंतीखेरीज दुसरीकडे लागू शकत नाही. विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरावे, असे कलम १२६७ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. खजिनदार होऊन मला जेमतेम दोन वर्षे झाली होती, तेव्हा आम्ही भिंतीचा पडून राहिलेला फंड सणाच्या मंडपाला आणि रोषणाईला वापरला. सणानंतर परत टाकू, असे तोंडी ठरले आणि चेकवर मी सही केली. एका पैशाचाही अपहार झाला नव्हता, पण पैसे परत टाकायचे राहून गेले. पुढे मोगऱ्याच्या कळ्या विकणारी एक वयस्क बाई मला चर्चच्या पायरीवर थांबवून म्हणाली, “बाबा, माझ्या घरधन्याच्या थडग्यात गुरे शिरतात. भिंत कधी होणार?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. तो फंड भरून काढायला आम्हाला तीन वर्षे लागली, आणि त्या काळात कित्येक पाकिटे रिकामी आली. तेव्हापासून प्रत्येक फंडाचे पान वेगळे ठेवले आणि शिल्लक दर तिमाहीला फलकावर लावली.

मिस्साहेतूंची वही, म्हणजे कुणी कुणासाठी मिस्सा सांगितली त्याची नोंद, तर आणखी जपायची. किती मिस्सा, कोणत्या हेतूने, किती अर्पण आले आणि ती मिस्सा झाली की नाही, याची स्वतंत्र नोंद कलम ९५८ मागते, आणि ती वही दरवर्षी तपासली जावी असेही सांगते. मृत आईसाठी मिस्सा सांगणारा मुलगा पावतीवर शंका घेत नाही, म्हणूनच तिथे चूक होता कामा नये.

ऑडिट, प्राप्तिकर, धर्मादाय आयुक्तांकडचे कागद हे तुझ्या हातचे काम आहे. फक्त जमिनीचा विषय निघाला तर घाई करू देऊ नकोस. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, चर्चच्या कायद्याच्या परवानग्या वेगळ्या, आणि वसईत आता जमिनीला जो भाव आला आहे त्यात एक चुकीची सही पिढ्यांचे नुकसान करील. फादरांची बदली होते तेव्हा मिस्सेच्या चांदीच्या प्याल्यापासून, म्हणजे कॅलिसपासून, लाउडस्पीकरपर्यंतची यादी नव्या फादरांसमोर वाचून सह्या घे.

काही जण तुला म्हणतील की हिशेब मागणे म्हणजे फादरांवर अविश्वास दाखवणे. तसे म्हणणाऱ्यांना संत पौलाची आठवण दे. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी त्याने एकट्याच्या हाती ठेवली नाही. त्या वेळच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, आणि करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिले की या देणगीबाबत कोणी आम्हाला दोष देऊ नये, आणि आमचे वागणे प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही चोख असावे. ज्या फादरांचा हिशेब फलकावर लागलेला असतो त्यांच्याविषयी नाक्यावर कुजबुज होत नाही, हे मी पाच फादरांच्या काळात पाहिले आहे. भाविकांना त्यांच्या दानाचा हिशेब देणे हे कलम १२८७ प्रमाणे कर्तव्यच आहे, म्हणून वार्षिक ताळेबंद मराठीत, आपल्या शेतकऱ्याला आणि कोळणीला वाचता येईल असा, एका पानात काढ, आणि प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेव.

दानपेटीला दोन कुलपे आहेत. एक किल्ली फादरांकडे असते. दुसरी अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी संध्याकाळी घरी येऊन ती घेऊन जा, आणि येताना वही आण, म्हणजे मी दिल्याची आणि तू घेतल्याची सही त्याच वेळी होईल.

तुझा,
जुना खजिनदार