व्हॅनिला लावतोयस तर एवढं ऐक
भावा, आपल्या खानापूर पट्ट्यात पाऊस म्हणजे विचारू नको, त्यामुळं वेलाच्या बुडात पाणी अजिबात थांबू देऊ नको, मुळं कुजली की वेल गेलाच. गिरिपुष्पाच्या झाडावर चढव, अर्धी सावली ठेव, बुडाला पालापाचोळा घाल. फुलं यायला तीनेक वर्षं लागतात.

खरं काम तिथनं पुढं. फूल सकाळी उमलतंय आणि दुपारी मिटतंय, मेक्सिकोत या फुलांचं परागीभवन करणाऱ्या मधमाश्या आपल्याकडं नाहीत म्हणून ते आपणच करायचं, टूथपिकनं आतला बारीक पडदा वर उचलायचा आणि पिवळा पराग अंगठ्यानं हळूच खाली दाबायचा. ही युक्ती १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोरानं शोधली, मला त्या पोराचं लई कौतुक वाटतं.

हिरव्या शेंगेला वास नसतोच. ६३-६५ अंशाच्या पाण्यात तीन मिनिटं बुडव, घोंगडीत गुंडाळून घाम काढ, रोज थोडं ऊन दाखव, मग सावलीत दोन-तीन महिने, तेव्हा कुठं ती काळी, मऊ, तेलकट होते. एक शेंग चिरून साखरेच्या डब्यात टाक, ती साखर खिरीत घाल, आईस्क्रीममध्ये घाल, मस्त लागतंय.

भाव मात्र फार वर-खाली होतोय, २००४ नंतर पार कोसळलेला, तेव्हा एकदम एकरभर लावू नको, आधी वीस-पंचवीस वेलांवर हात बसू दे.